‘पाहिजेत’च्या रकान्यातली बाई

रविवारच्या अंकातली छोट्या जाहिरातींची पाने मी नेमाने वाचते. अग्रलेख एखाद्या दिवशी राहून गेला तरी चालतो, ही पाने मात्र सुटत नाहीत. समाजाला खरोखर काय हवे आहे, हे तिथे फार काटकसरीने सांगितलेले असते. शब्दागणिक पैसे मोजायचे असल्यामुळे जाहिरात देणारा संकोचाचे आणि शिष्टाचाराचे शब्द आधी गाळतो आणि मनातली अट तेवढी शिल्लक ठेवतो. व्यासपीठावरून बोलताना आपण सगळेच स्त्री-पुरुष समानतेचे पुरस्कर्ते असतो. खिशातले पैसे देऊन शब्द विकत घेताना आपण कोणते शब्द घेतो, ते या पानांत दिसते.

या पानांवर दोन रकाने शेजारी शेजारी असतात. एक ‘वधू पाहिजे’चा आणि दुसरा नुसताच ‘पाहिजेत’, म्हणजे नोकऱ्यांचा. पहिल्यात मुलगी गोरी, सडपातळ, मनमिळाऊ आणि अलीकडे बहुधा ‘नोकरीवाली’ हवी असते. दुसऱ्यात ती स्मार्ट, हसतमुख, तिशीच्या आतली आणि पुष्कळदा ‘अविवाहित’ हवी असते. लग्नाच्या बाजारात नोकरी असलेली मुलगी हवी आणि नोकरीच्या बाजारात लग्न न झालेली! त्या मुलीने या दोन गोष्टी नेमक्या कोणत्या क्रमाने साधाव्यात, हे मात्र दोन्ही रकान्यांत कुणी छापत नाही.

नोकरीच्या रकान्यातली भाषा वाचकांच्या चांगली ओळखीची आहे. ‘ऑफिससाठी लेडीज स्टाफ पाहिजे, दिसायला स्मार्ट.’ ‘रिसेप्शनिस्ट (मुलगी), आकर्षक व्यक्तिमत्त्व.’ ‘टेलिकॉलर, फक्त मुली.’ ‘अकाउंटंट, जेन्ट्स, टॅलीचा अनुभव.’ ‘सुपरवायझर, फक्त पुरुष.’ आणि ‘हेल्पर पाहिजेत, जेन्ट्स व लेडीज’ असे म्हणून पुढे दोघांच्या पगाराचे दोन वेगळे आकडे. आता हा मजकूर वर्तमानपत्रापुरता राहिलेला नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या फाटकांवर, एसटी स्टँडच्या भिंतींवर आणि मोबाइलवरच्या नोकरीविषयक गटांतही तो तसाच्या तसा फिरतो. साधन बदलले, अटी त्याच राहिल्या.

‘यात एवढे मनाला लावून घेण्यासारखे काय आहे?’ असे कुणी विचारील. दुकान त्याचे, पैसे त्याचे, त्याला माणूस कसा हवा हे त्याने सांगितले तर बिघडले कुठे? उलट स्पष्ट सांगितले हे बरेच झाले, उगाच कुणाची खेप वाया जात नाही. हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो वरवर व्यवहारी वाटतो म्हणूनच त्याचा नीट विचार करायला हवा. कारण ‘लेडीज’, ‘अविवाहित’ किंवा ‘फक्त पुरुष’ हे शब्द नुसती आवड सांगत नाहीत. पगार किती, नोकरी किती दिवस आणि बढती कुठपर्यंत, हे सारे ते मुलाखतीच्या आधीच ठरवून टाकतात. आणि जिच्याबाबतीत हे ठरते, तिला त्याविरुद्ध बोलायला जागाच ठेवत नाहीत.

विशेषणाचा पगार

एका विशेषणाने पगार कसा ठरतो, याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. मॅकिनन मॅकेन्झी या जहाज व्यवसायातल्या जुन्या कंपनीत ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिका म्हणून काम करीत होत्या. त्यांच्या पदाचे नाव होते ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. कंपनीत पुरुष लघुलेखकही होते. पण ते नुसतेच ‘स्टेनोग्राफर’. काम तेच, श्रुतलेखन घेण्याचे आणि टंकलेखनाचे. पगार मात्र पुरुषांना जास्त. नोकरी संपल्यावर डिकॉस्टा यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

कंपनीचा बचाव मोठा मासलेवाईक होता. या स्त्रिया वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करतात, म्हणून त्यांचे पद निराळे. आणि त्या पदावर एकही पुरुष नसल्यामुळे स्त्री-पुरुष असा भेदभाव झाला असे म्हणताच येणार नाही, असे कंपनीचे म्हणणे. म्हणजे आधी पदाच्या नावातच ‘लेडी’ घालायचे, त्यामुळे पुरुष तिथे येणारच नाहीत असे पाहायचे, आणि मग तुलनेला पुरुषच नाही असे सांगायचे! १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव फेटाळला. काम सारखे असेल तर पदाच्या नावाने पगार कमी करता येणार नाही, आणि तो देणे कंपनीला परवडत नाही ही सबबही चालणार नाही, असे न्यायालयाने सांगितले.

हा निकाल डोळ्यांसमोर ठेवून आजची ‘लेडीज स्टाफ पाहिजे’ ही जाहिरात पुन्हा वाचावी. ज्या कामाला फक्त बायका घेतल्या जातात, त्या कामाचा पगार कुणाच्या पगाराशी ताडून पाहायचा? टेलिकॉलर सगळ्या मुली, पॅकिंगला सगळ्या बायका, औषधाच्या दुकानात काउंटरवर मुली. ‘मुलींनाच प्राधान्य’ या शब्दांत काही मेहेरबानी नाही. मुली निमूट काम करतात, युनियनच्या भानगडीत पडत नाहीत आणि कमी पैशांत राहतात, हा हिशेब त्यामागे असतो. ओळखीचे काही दुकानदार हे खाजगीत मोकळेपणाने सांगतातही.

हे केवळ माझ्या रविवारच्या वाचनातून काढलेले अनुमान नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी एका भारतीय नोकरी-संकेतस्थळावरच्या आठ लाखांहून अधिक जाहिराती तपासल्या आणि २०१८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्त्री हवी की पुरुष, हे उघडपणे लिहिण्याची रीत त्यांना विशेषतः खालच्या पायरीवरच्या कामांत मोठ्या प्रमाणावर आढळली. स्त्रियांसाठी म्हणून ज्या जाहिराती होत्या, त्या कमी प्रतिष्ठेच्या आणि अनौपचारिक कामांकडे अधिक झुकलेल्या होत्या. ‘लेडी स्टेनोग्राफर’ गेली, टंकलेखन यंत्रही गेले. विशेषण मात्र नव्या यंत्रावर येऊन बसले.

लग्न हा गुन्हा

दुसरा शब्द ‘अविवाहित’. याचा इतिहासही मुंबईपासूनच सांगता येतो. इथल्या एका औषध कंपनीचा नियम होता, की पॅकिंगच्या विभागातल्या अविवाहित कामगार स्त्रीने लग्न केले की तिची नोकरी संपली. कामगार संघटनेने या नियमाविरुद्ध लढा दिला. कंपनीचे म्हणणे असे, की हे काम गटाने करायचे असते, विवाहित बायकांच्या गैरहजेरीने गट मोडतो. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मोडीत काढला. विवाहित स्त्रिया अविवाहितांपेक्षा किंवा विधवांपेक्षा अधिक गैरहजर राहतात याला काही पुरावा नाही, आणि मुलाबाळांमुळे रजा पडतात असे म्हणायचे तर मुले असलेल्या विधवेलाही ते लागू आहे, असा साधा, घरगुती तर्क न्यायालयाने मांडला.

सरकारचा कारभारही निराळा नव्हता. चोनिरा बेळियप्पा मुथम्मा १९४९ साली भारतीय परराष्ट्र सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. त्या सेवेच्या नियमांत असे होते, की महिला अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि संसारामुळे तिच्या कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर तिने राजीनामा द्यावा. पुरुष अधिकाऱ्यांना अशी अट नव्हती. त्यांचा संसार बहुधा आपोआप चालत असावा! १९७९ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी या नियमांवर कठोर शब्दांत ताशेरे ओढले. विवाहित पुरुषाला जो हक्क आहे, तो विवाहित स्त्रीलाही असलाच पाहिजे, असा त्यांचा आशय होता.

मात्र हा रस्ता सरळ पुढे गेला असे समजू नये. १९८१ साली एअर इंडियाच्या हवाई सुंदरींचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. पस्तिसाव्या वर्षी निवृत्ती, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास नोकरी समाप्त, आणि पहिले गर्भारपण म्हणजेही नोकरीचा शेवट, अशा त्यांच्या सेवाशर्ती होत्या. त्याच विमानात काम करणारे पुरुष कर्मचारी अठ्ठावन्नपर्यंत नोकरीत. न्यायालयाने गर्भारपणाची अट रद्द केली आणि तिची कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. पहिल्या चार वर्षांतली लग्नबंदी मात्र कायम ठेवली. तिच्या समर्थनार्थ मुलीचे आरोग्य आणि कुटुंबनियोजन ही कारणे दिली गेली. मुलीच्या हिताची काळजी मुलीला न विचारता घेण्याची आपली परंपरा किती उंचीपर्यंत पोहोचली आहे, ते यावरून दिसावे.

ही सगळी जुनी प्रकरणे झाली असे म्हणावे, तर २०२४ च्या जून महिन्यात रॉयटर्स वृत्तसंस्थेने तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदूरची बातमी दिली. तिथे फॉक्सकॉन कंपनीच्या कारखान्यात आयफोनची जुळणी होते. तिथल्या जुळणीच्या कामातून विवाहित स्त्रियांना वगळले जाते, आणि कामगार पुरवणाऱ्या एजंटांच्या जाहिरातींत अविवाहित मुलीच हव्यात असे लिहिलेले असते, असे या बातमीत म्हटले होते. कारणे कोणती? विवाहितांना घरच्या जबाबदाऱ्या असतात, गर्भारपणे असतात, आणि अंगावरच्या दागिन्यांचा उत्पादनाला त्रास होतो. भेदभाव केल्याचे कंपनीने नाकारले आणि नव्याने घेतलेल्या स्त्रियांत विवाहितांचेही प्रमाण बरेच असल्याचे सांगितले. केंद्र सरकारने राज्याकडे अहवाल मागवला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आणखी एक बातमी आली : वय, लिंग आणि लग्न यांचे उल्लेख जाहिरातींतून काढा, अशी सूचना एजंटांना देण्यात आली होती.

मुंबईच्या पॅकिंग विभागातला युक्तिवाद आणि श्रीपेरुंबुदूरचा युक्तिवाद यांत सुमारे साठ वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात बाटल्यांच्या जागी मोबाइल आले. कारण तेच राहिले. फरक पडला तो एवढाच, की १९६५ मध्ये ते कंपनीच्या नियमावलीत लिहिलेले होते, म्हणून न्यायालयात नेता आले. आता ते एजंटाच्या जाहिरातीत असते आणि जाहिरात काढून टाकली की त्याचा मागमूस राहत नाही.

न केलेला अर्ज

माझ्या मते या विषयाची खरी मेख इथे आहे. नोकरीवरून काढले तर तो अन्याय डोळ्यांना दिसतो. काढलेल्या बाईचे नाव असते, नेमणुकीचे पत्र असते, पगाराच्या पावत्या असतात. जाहिरातीने जिला वाटेतच थांबवले तिच्याजवळ यांपैकी काहीच नसते. तिने अर्जच केलेला नसतो. तिची कुठेही नोंद होत नाही, आणि कंपनीला नंतर बिनदिक्कत सांगता येते, की ‘आमच्याकडे मुली अर्जच करत नाहीत हो!’

नाशिकला आमच्या वसाहतीतल्या एका मुलीने आयटीआयमध्ये दोन वर्षे इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला. गुण चांगले होते. वायंडिंगचे काम तर वर्गातल्या मुलांनी तिच्याकडून शिकावे असे. अंबड-सातपूरकडच्या कारखान्यांच्या जाहिराती ती रोज पाहायची. ‘इलेक्ट्रिशियन, आयटीआय, फक्त मुले.’ मी तिला म्हटले, ‘अगं, जाऊन तर बघ.’ ती म्हणाली, ‘मावशी, त्यांनी लिहिलंच आहे ना फक्त मुलं म्हणून. मग तिथे जाऊन काय म्हणायचं? आणि रिक्षाचे पैसे कोण देणार?’

त्यातल्या एका जाहिरातीखालच्या क्रमांकावर मी फोन लावला. पलीकडचे गृहस्थ सौजन्याने बोलले. ‘मॅडम, मुलींना आमचा अजिबात विरोध नाही. पण आमच्याकडे थर्ड शिफ्ट असते. आणि खरं सांगू का, शॉपमध्ये लेडीज टॉयलेट नाही.’

त्यांनी दिलेली दोन्ही कारणे तपासून पाहण्यासारखी आहेत. स्त्री कामगारांसाठी वेगळे स्वच्छतागृह हवे, ही १९४८ च्या कारखाना कायद्यापासूनची तरतूद. म्हणजे आधी बायका नाहीत म्हणून स्वच्छतागृह बांधायचे नाही, आणि स्वच्छतागृह नाही म्हणून बायका घ्यायच्या नाहीत! रात्रपाळीचे कारण त्याच १९४८ च्या कायद्यातले. त्यात संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात स्त्रियांना काम देण्यावर बंदी होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती उठवली. स्त्रीची संमती असेल आणि सुरक्षिततेची व्यवस्था मालकाने केली असेल, तर तिला रात्री काम करता येते. आणि ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलातही आली आहे. अडचण आता कायद्याची नाही, एक दिवा, एक गाडी आणि एक दार असलेली खोली यांच्या खर्चाची आहे. तो खर्च वाचवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जाहिरातीतले ‘फक्त मुले’ हे दोन शब्द.

ती मुलगी आता मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभी असते. त्या दुकानाच्या जाहिरातीत ‘मुलगी पाहिजे’ असे लिहिले होते. सरकारने तिच्यावर दोन वर्षे खर्च केला, तिच्या वडिलांनी दोन वर्षे बसचे पास काढले, आणि तिने कोणते काम करायचे ते अखेर दोन जाहिरातींनी ठरवले. तक्रार कुणाविरुद्ध करायची? तिला कुणी नाकारलेलेच नाही!

म्हणूनच जाहिरात वाचून गप्प न बसणारी एखादी व्यक्ती निघते, तेव्हा तिचे महत्त्व फार असते. १९७४ साली बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने सूचनाफलकावर टेल्कोची जाहिरात पाहिली. हुशार, कष्टाळू तरुण अभियंते हवेत, असा मजकूर आणि खाली ओळ : स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नयेत. तिने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. तिला मुलाखतीला पुण्याला बोलावणे आले आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर काम करणारी ती पहिली महिला अभियंता ठरली. पुढे सुधा मूर्ती या नावाने सर्वांना माहीत झालेल्या या लेखिकेनेच ही हकिगत लिहून ठेवली आहे. पुढल्या काळात याच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात मोटारी जोडणारी केवळ स्त्रियांची असेंब्ली लाइनही उभी राहिली. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, शाळेत मुलींना वाचायला देतो. पण तिच्यातली अडचणीची बाजू सहसा कुणी बोलत नाही. ती ओळ वाचून ज्यांनी पोस्टकार्ड लिहिले नाही, अशा मुली किती असतील? त्या नोकरीला लायक नव्हत्या असे थोडेच आहे?

एक शब्द गळल्यावर

या प्रश्नाचे थोडेफार उत्तर एका घटनेने मिळाले, आणि तीही पुण्याजवळची. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेची सूचना केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा काढतो. त्या सूचनेत वर्षानुवर्षे एक अट असे : उमेदवार अविवाहित पुरुष असावा. लाखो मुलांनी ती वाचली, लाखो मुलींनीही वाचली असेल, आणि हे असेच असायचे म्हणून पान उलटले असेल. कुश कालरा या वकिलांनी या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. १८ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की मुलींना या परीक्षेला बसू द्यावे.

परीक्षा १४ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. तयारीला जेमतेम तीन महिने मिळाले होते. तरीही सुमारे पावणेदोन लाख मुलींनी अर्ज केले होते, आणि लेखी परीक्षेत हजाराहून अधिक मुली उत्तीर्ण झाल्या. जागा होत्या एकोणीस. २०२२ मध्ये ती पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांपैकी सतरा जणी मुलांच्या बरोबरीने संचलन करून बाहेर पडल्या.

मला या सतरा जणींचे कौतुक आहेच. पण माझे लक्ष पुन्हा पुन्हा जाते ते त्या पावणेदोन लाखांकडे. या मुली २०२१ च्या ऑगस्टमध्ये अचानक जन्माला आल्या नव्हत्या. आधीच्या प्रत्येक वर्षी त्या होत्याच; फक्त मोजल्या जात नव्हत्या. सूचनेतला एक शब्द गळला आणि त्या दिसू लागल्या. ‘मुलींनाच आवड नसते’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ बाळगावा.

कायदा कुठे थांबतो

मग आपल्याकडे याला कायदा नाही का? आहे. सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभाव करू नये, असे राज्यघटनेचे सोळावे कलम सांगते. १९७६ च्या समान वेतन कायद्याच्या पाचव्या कलमाने खाजगी मालकालाही भरती करताना स्त्रियांविरुद्ध भेदभाव करायला मनाई केली होती. हा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत सामावला आहे, आणि लिंगावरून भरतीत भेदभाव नको हे तत्त्व त्या संहितेतही आहे. मात्र दोन्हीकडे शब्द आहेत ते भरती करतानाचे. ‘जाहिरात’ हा शब्द तिथे नाही, लग्न झालेले की न झालेले याचाही उल्लेख नाही. भरतीत भेदभाव झाला असे सिद्ध करायला आधी उमेदवार दारात पोहोचायला हवा. आपण पाहिले, की जाहिरात नेमकी तेच होऊ देत नाही.

इतर देशांनी ही फट कशी बुजवली, ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने १९७५ च्या लिंगभेदविरोधी कायद्यात जाहिरातींसाठी स्वतंत्र कलम घातले. ‘वेटर’, ‘सेल्सगर्ल’, ‘पोस्टमन’ असे लिंगसूचक शब्द वापरले आणि दोघांनाही अर्ज करता येईल असे स्पष्ट केले नाही, तर भेदभावाचा हेतू आहे असे धरले जाई. जाहिरात देणाऱ्याबरोबर ती छापणाऱ्यावरही जबाबदारी असे. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत पूर्वी पुरुषांच्या नोकऱ्यांचा रकाना वेगळा आणि स्त्रियांचा वेगळा असायचा. पिट्सबर्ग शहराने त्याला मनाई केली, तेव्हा तिथले वर्तमानपत्र छपाई-स्वातंत्र्याचा मुद्दा घेऊन न्यायालयात गेले. १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वर्तमानपत्राचे म्हणणे फेटाळले.

हे वर्तमानपत्रातच लिहिताना थोडे अवघड वाटते, पण लिहिले पाहिजे. हुंड्यावर, स्त्रीभ्रूणहत्येवर पानेच्या पाने देणाऱ्या वृत्तपत्रांच्या जाहिरात खिडकीवर ‘फक्त पुरुष’ हे शब्द पैसे मोजून बिनबोभाट स्वीकारले जातात. खिडकीवरच्या माणसाने एवढेच विचारले, की ‘साहेब, हे शब्द हवेतच का? काढले तर दोन शब्दांचे पैसे वाचतील,’ तर निम्मे जाहिरातदार आनंदाने काढतील, असा मला विश्वास आहे. पुष्कळांनी ते सवयीने घातलेले असतात.

लिंगाचा प्रत्येक उल्लेख वाईट असतो असे मात्र मी म्हणत नाही. मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका हवी, आजारी आजींची आंघोळ घालायला बाई हवी, हे समजण्यासारखे आहे. महाराष्ट्राने १९९४ साली महिला धोरण आणले आणि सरकारी नोकरीत स्त्रियांना तीस टक्के आरक्षण दिले. सरकारी जाहिरातीतल्या कोष्टकातला ‘महिला’ हा शब्द दार उघडण्यासाठी येतो आणि त्या दारापलीकडचा पगार पुरुषाइतकाच असतो. त्यामुळे शब्द कोणता यापेक्षा तो तिथे काय करतो, हे पाहावे. भेदाचा फटका मुलांनाही बसतोच. रुग्णसेवेची आवड असलेल्या मुलाला ‘सिस्टर पाहिजेत’ या जाहिरातीत जागा कुठे असते?

काही जण मराठीच्या व्याकरणाकडे बोट दाखवतात. आपल्याकडे प्रत्येक नामाला लिंग, मग जाहिरात तटस्थ लिहायची कशी? यात फार काही कठीण नाही. ‘अनुभवी माणूस पाहिजे’ऐवजी ‘अनुभवी उमेदवार पाहिजेत’ लिहिले, की अनेकवचनात स्त्री-पुरुष दोघेही मावतात. ‘सेल्समन’ऐवजी ‘विक्री प्रतिनिधी’ आणि ‘ऑफिसबॉय’ऐवजी ‘कार्यालयीन मदतनीस’ लिहिता येते. आणि ‘व्यक्ती’ हा शब्द तर मराठीत मुळातच स्त्रीलिंगी आहे. तो वापरल्याने आजवर एकाही पुरुषाची नोकरी हुकल्याचे ऐकिवात नाही!

वेतन संहितेत जाहिरातीचा स्पष्ट उल्लेख यावा, ही मागणी महिला संघटनांनी आणि कामगार संघटनांनी लावून धरायला हवी. तोवर वाचकालाही काही करता येते. अशी जाहिरात दिसली की तिचे कात्रण किंवा फोटो तारखेसह ठेवावा. जाहिरात देणाऱ्याला ही अट कशासाठी, असे लेखी विचारावे, आणि उत्तर आले नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावे. घरात मुलगी नोकरी शोधत असेल, तर ‘फक्त मुले’ लिहिलेल्या ठिकाणीही तिला अर्ज पाठवायला सांगावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. केलेला अर्ज नाकारला गेला तर निदान विचारणा करता येते.

नोकरीच्या जाहिरातीत काम काय, पात्रता काय, वेळ कोणती आणि पगार किती, एवढे असले की पुरे. काम करायला कोण येते, ते अर्ज आल्यावर कळेल.